मैदानाचा वाफसा

बुलढाणा जिल्ह्यात ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ हे दोन शब्द पत्त्यासारखे वापरले जातात. मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे घाटाखालचे गाव. डोंगररांगेचा उतार संपून खालची काळी, सपाट जमीन जेथे सुरू होते, तेथे ते वसलेले आहे. आज लहानसे वाटणारे हे गाव इतिहासात दोनदा रणमैदान म्हणून नोंदले गेले. १४३७ साली बहामनी सेनापती खलफ हसन बसरी याने वऱ्हाडात शिरलेल्या खानदेशच्या नासीर खानाचा येथे पराभव केला. पुढे १५९० च्या सुमारास अहमदनगरच्या गादीवर हक्क सांगणारा बुऱ्हाण निजामशहा आणि जमालखान यांच्यातील झुंजही येथेच झाली आणि जमालखान हरला. खुदावंद खान महदवी याने १५८२ साली बांधलेली छोटी पण देखणी मशीद गावात आहे. तिच्यासाठी इतिहासाचे अभ्यासक अधूनमधून वाट वाकडी करून येथे येतात.

गावाचे रोजचे गणित मात्र मातीशी आहे. कापूस, मका, सोयाबीन, तूर ही येथील पिके. आणि शेतकऱ्याच्या हंगामावर बी-बियाणे, खते, कापड, किराणा या साऱ्या पेढ्यांच्या वह्या चालतात. काळ्या मातीत चिकणमातीचा अंश मोठा. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते. उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जाईल, तर पावसाळ्यात तिच्यात पाय रुतून चप्पल राहून जाईल. म्हणूनच या भागात पावसाइतकेच महत्त्व ‘वाफशा’ला आहे. पाऊस थांबला, वरचा चिकटपणा गेला, आतली ओल टिकून राहिली आणि वखर चालू लागेल अशी माती झाली, म्हणजे वाफसा आला. तो येण्याआधी घाई करणाऱ्याचे नुकसान ठरलेले. शेतकरी वाफशाची वाट पाहतो आणि दुकानदार शेतकऱ्याची.

रोहिणखेडला मोठे क्रीडासंकुल नाही, असण्याचे कारणही नाही. पीक निघालेल्या शेतात मुले यष्टी रोवतात, तेवढेच तेथील स्टेडियम. तरीही आधुनिक स्टेडियमच्या पोटात काय दडलेले असते हे समजून घ्यायचे, तर सुरुवात वाफसा ठाऊक असलेल्या गावापासूनच करावी. याचे प्रत्यंतर विदर्भाने २३ सप्टेंबर २०२२ च्या रात्री घेतले.

त्या दिवशी नागपूरजवळच्या जामठा येथील मैदानावर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात वीस षटकांचा सामना होता. संध्याकाळी सातची वेळ. प्रेक्षागार भरलेले, दिवे लागलेले, घरोघरी दूरचित्रवाणी संच सुरू. त्या संध्याकाळी पाऊसही नव्हता. तो आधीच्या दिवसांत पडून गेला होता. पण पंच मैदानात आले, बुटाच्या टाचेने सीमारेषेजवळची जमीन दाबून पाहिली आणि परत गेले. थोड्या वेळाने पुन्हा आले, पुन्हा गेले. वऱ्हाडातील ज्या शेतकऱ्याने हे दृश्य पाहिले असेल, त्याला समालोचकाची गरज पडली नसेल. वाफसा आलेला नव्हता. अखेर साडेनऊला खेळ सुरू झाला तो प्रत्येकी आठ षटकांचा. ऑस्ट्रेलियाने ९० धावा केल्या. रोहित शर्माने २० चेंडूंत नाबाद ४६ धावा ठोकल्या आणि भारताने चार चेंडू राखून सामना जिंकला. प्रेक्षक आनंदात घरी गेले. पण चाळीस षटकांच्या खेळासाठी पैसे मोजलेल्या प्रत्येकाला सोळा षटकेही पुरती पाहायला मिळाली नाहीत, हा हिशेब राहतोच.

रोहिणखेडहून जामठ्याला जायचे तर मलकापूर गाठावे लागते. मुंबई–नागपूर लोहमार्गावरचे हे घाटाखालच्या भागाचे मोठे स्थानक. तेथून नांदुरा, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, पुलगाव, वर्धा अशी गाडी पूर्वेकडे जाते. सुमारे ३४० किलोमीटरच्या या वाटेवर खिडकीबाहेर बहुतेक काळ तीच काळी माती आणि तोच कापूस दिसतो. नागपुरात उतरून वर्धा मार्गाने शहराबाहेर आले की मोकळ्या रानात जामठ्याचे अवाढव्य पांढरे कडे उभे दिसते. शहराच्या मध्यवस्तीतील सिव्हिल लाइन्सचे जुने मैदान अपुरे पडू लागल्यावर विदर्भ क्रिकेट संघटनेने हे उभारले. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध येथे पहिला कसोटी सामना झाला. सौरव गांगुलीचा तो शेवटचा कसोटी सामना. सुमारे ४५,००० प्रेक्षक बसतील एवढे हे मैदान. सामना नसलेल्या दिवशी बाहेरून पाहणाऱ्याला ते ओस वाटते. प्रत्यक्षात आत माळी, कातरयंत्र, रोलर आणि पाण्याचे फवारे रोज कामावर असतात. केंद्रीय कचेरी बंद असली तरी तिजोरीचा पहारा चालूच असतो, तसे.

स्टेडियमचे खरे यंत्र जमिनीखाली असते. खेळपट्टी आणि तिच्याभोवतीचे हिरवे मैदान ही दिसायला एकच. पण शास्त्राने परस्परविरोधी. खेळपट्टीला चिकणमाती हवी. थरावर थर देऊन, पाणी मारून, जड रोलर फिरवून ती दगडासारखी दाबतात. तिच्यातील गवताची मुळे मातीला आतून बांधून ठेवतात. नागपूरच्या काळ्या मातीच्या आणि मुंबईच्या तांबड्या मातीच्या खेळपट्टीचा स्वभाव वेगळा असतो तो यामुळेच. तांबड्या मातीवर चेंडू उसळतो, काळी माती भेगाळू लागली की फिरकी गोलंदाजाचे फावते. २०१५ साली जामठ्यावर भारत–दक्षिण आफ्रिका कसोटी तीन दिवसांत आटोपली आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्या खेळपट्टीला ‘निकृष्ट’ असा शेरा दिला. त्या शेऱ्याचा विषय छप्पर, दिवे किंवा खुर्च्या नव्हत्या. काही फूट मातीचा होता.

उरलेल्या मैदानाला याच्या उलट गुण हवा. तेथे पाणी क्षणभरही थांबता कामा नये. म्हणून आधुनिक मैदानात मूळची माती काढून तळाशी भोके पाडलेले नळ माशाच्या काट्याच्या रचनेत अंथरतात. त्यावर खडीचा थर, त्यावर निवडक वाळूचा फूटभर जाडीचा थर आणि सर्वांत वर गवत. पाऊस पडला की पाणी वाळूतून खाली उतरते, नळांत शिरते आणि मैदानाबाहेरच्या चरात जाते. बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमने २०१७ मध्ये याच्याही पुढचे पाऊल टाकले. अमेरिकेतील ऑगस्टाच्या गोल्फ मैदानावर जन्मलेली हवेच्या दाबाची पद्धत तेथे बसवण्यात आली. जमिनीखालील नळांतून पंप हवा ओढून घेतात आणि हवेसोबत पाणीही खेचले जाते. मिनिटाला १०,००० लिटर पाणी काढण्याची तिची क्षमता सांगितली जाते. शेतातील पाणी काढायला चर खणणाऱ्याला हे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. चराला इथे मोटार जोडली आहे, एवढेच.

पण यंत्र मोठे म्हणून काम निर्वेध, असे होत नाही. २०२३ च्या मे महिन्यात अहमदाबादच्या जगातील सर्वांत मोठ्या क्रिकेट स्टेडियममध्ये आयपीएलचा अंतिम सामना पावसामुळे राखीव दिवसावर गेला. दुसऱ्या दिवशीही चेन्नईच्या डावात तीन चेंडू पडले आणि पाऊस आला. पाऊस थांबला तेव्हा मुख्य मैदानाने पाणी बऱ्यापैकी सोडले. अडचण झाली ती बाजूच्या सरावाच्या खेळपट्टीची. ती चिकणमातीची. तिच्यावर पाणी साचले आणि कर्मचारी स्पंज घेऊन ते टिपत बसले. एक लाखाहून अधिक खुर्च्यांचे प्रेक्षागार, आणि मध्यरात्री त्याचे भवितव्य स्पंजाच्या तुकड्यावर! चेन्नईचा डाव पंधरा षटकांचा झाला आणि शेवटच्या चेंडूवर निकाल लागेपर्यंत दीड वाजून गेला होता.

गुवाहाटीची गोष्ट याहून बोलकी आहे. ५ जानेवारी २०२० रोजी तेथे भारत आणि श्रीलंका यांच्यात सामना व्हायचा होता. नाणेफेक झाली, मग पाऊस आला आणि गेला. खेळपट्टी झाकली होती, परंतु आच्छादनातून पाणी झिरपून खाली ओलसर डाग पडले. मग केस वाळवण्याचे यंत्र आणले गेले, कपड्यांना करण्याची वाफेची इस्त्रीही आली. साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर खेळपट्टीला इस्त्री होताना पाहिली. एकही चेंडू न टाकता सामना रद्द झाला. कोट्यवधींच्या व्यवहारात ताडपत्रीची किंमत ती काय? पण पावसाळ्याच्या तोंडी गोदामाचे पत्रे तपासून घेणारा भुसार व्यापारी त्या ताडपत्रीला कमी लेखणार नाही. पोत्यातील माल भिजला तर विमा कंपनी पहिला प्रश्न पत्र्याचाच विचारते.

वाळूच्या मैदानाला मात्र एक मोठी किंमत आहे. जे पाणी पटकन सोडते, ते पटकन मागतेही. काळ्या शेताला एकदा भिजवले की दिवसेंदिवस ओल टिकते. वाळूवरच्या गवताला तशी सोय नाही, त्याला सतत पाणी द्यावे लागते. ज्या वर्षी पाऊस भरपूर असतो त्या वर्षी ही बाब कोणाच्या लक्षात येत नाही. २०१६ साली ती साऱ्या महाराष्ट्राच्या लक्षात आली. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागत होते, विदर्भ-मराठवाड्यात टँकरमागे रांगा होत्या, आणि त्याच महिन्यात आयपीएलचा हंगाम सुरू झाला. एका स्वयंसेवी संस्थेने उच्च न्यायालयात दाद मागितली. मैदानांसाठी लाखो लिटर पाणी लागणार, ते कोठून आणणार, असा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाने संयोजकांना विचारला. पिण्याचे पाणी न वापरता प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरू, अशी तयारी दाखवण्यात आली. तरीही ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवा, असा आदेश १३ एप्रिल रोजी झाला. मुंबई, पुणे आणि नागपूर या तिन्ही मैदानांवरचे सामने गेले, अंतिम सामनाही मुंबईहून बंगळूरला गेला.

त्या निर्णयावर तेव्हा दोन बाजूंनी बोलले गेले. मैदानाचे पाणी वाचवून लातूरच्या घागरी भरणार होत्या काय, हा एका बाजूचा सवाल खोटा नव्हता. मुंबईतील नळाचे पाणी आपोआप मराठवाड्यात पोहोचत नाही. सामने गेल्याने उपाहारगृहे, वाहतूक, छपाई, विजेची कामे करणाऱ्या छोट्या कंत्राटदारांचे बुडाले, हेही खरे. तरी ज्या गावात आठवड्यातून एकदा नळ येतो, त्या गावाने पडद्यावर हिरव्यागार गवतावर उडणारे फवारे पाहायचे, यात काही बरोबर नव्हते. त्या आदेशाने निदान एक गोष्ट कागदावर आणली. स्टेडियमला पाणी किती लागते आणि ते कोठून येते, हा प्रश्न त्याआधी हिशेबात धरलाच जात नव्हता. त्यानंतर सांडपाणी शुद्ध करून मैदानाला देणे, छपरावरचे पावसाचे पाणी साठवणे या गोष्टी शोभेच्या राहिल्या नाहीत.

बुलढाणा जिल्ह्याने आपल्या पाण्याचा हिशेब पुढे दोन वर्षांनी वेगळ्या रीतीने मांडला. २०१८ साली भारतीय जैन संघटनेने राज्य शासनासोबत ‘सुजलाम् सुफलाम्’ या नावाने शंभराहून अधिक यंत्रे जिल्ह्यात उतरवली आणि धरणे-तलावांतील गाळ काढायला घेतला. निघालेला गाळ शेतकऱ्यांनी शेतात नेऊन पसरला. महामार्गाच्या कामासाठी तलावांतूनच माती-मुरूम उचलायचा आणि तलाव आपोआप खोल करायचा, ही रीत पुढे ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून गाजली. यात क्रिकेटचा संबंध नाही असे वाटेल. परंतु तलावातील गाळ आणि खेळपट्टीची चिकणमाती एकाच कुळातील. पाणी धरून ठेवणारी माती कोठे हवी आणि पाणी सोडणारी कोठे, याचाच विचार दोन्हीकडे आहे.

मलकापुराहून गाडी दुसऱ्या दिशेने पकडली की सुमारे ५०० किलोमीटरवर मुंबई येते. चर्चगेट स्थानकातून बाहेर पडून काही मिनिटे चालले की वानखेडे स्टेडियम. ज्यांचे नाव त्याला आहे ते शेषराव वानखेडे विदर्भाचेच. १९७२ ते १९७७ या काळात ते विधानसभेचे अध्यक्ष होते. जवळच्या ब्रेबॉर्न स्टेडियमच्या मालक क्लबाशी तिकिटांच्या वाटपावरून बिनसल्यावर त्यांनी मुंबईच्या संघटनेसाठी स्वतंत्र स्टेडियमचा घाट घातला आणि सुमारे १३ महिन्यांत ते उभे राहिले. वास्तुविशारद शशी प्रभू. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामनाही झाला. भांडणातून उभ्या राहिलेल्या इमारती सहसा घाईच्या असतात. तीही होती, आणि २०११ च्या विश्वचषकाआधी ती बरीचशी नव्याने बांधावी लागली. प्रेक्षकसंख्या ३३,००० च्या आसपास आणली गेली. आताचे छप्पर टेफ्लॉनचा लेप दिलेल्या कापडाचे आहे. ते पुढे झेपावलेले असून त्याला खालून खांबांचा आधार नाही, त्यामुळे कोणाच्या डोळ्यांसमोर खांब येत नाही. छपरावरचे पंखे प्रेक्षागारातील तापलेली हवा बाहेर ओढतात आणि तिच्या जागी अरबी समुद्रावरचा पश्चिमेचा वारा आत येतो. मे महिन्याच्या दुपारी तेथे बसलेल्या माणसाला या पंख्यांचे नावही माहीत नसते.

वानखेडेवर प्रकाशझोतातला पहिला सामना २७ फेब्रुवारी १९९६ रोजी, विश्वचषकात ऑस्ट्रेलियाविरुद्ध झाला. मार्क वॉचे शतक आणि सचिन तेंडुलकरच्या ९० धावा त्या रात्रीच्या. त्या काळचे दिवे धातूच्या वाफेचे. त्यांचा दोष असा की एकदा विझले की निवल्याशिवाय पुन्हा पेटत नाहीत. वीज क्षणभर गेली तरी पूर्ण उजेड परतायला दहा-पंधरा मिनिटे जातात. २०२३ च्या विश्वचषकाआधी वानखेडेवर एलईडी दिवे आले. ते क्षणात पेटतात, क्षणात विझतात, वीज कमी खातात आणि दूरचित्रवाणीच्या संथगती चित्रणात लुकलुकत नाहीत. प्रेक्षकांसाठी एवढ्या उजेडाची गरज नसते. तो कॅमेऱ्यांसाठी असतो. छपराच्या कडेला बसवलेले वेगवान कॅमेरे चेंडूचा प्रत्येक क्षण टिपतात, संगणक त्यांची चित्रे जोडून चेंडू पायावर आदळला नसता तर यष्टींवर गेला असता काय याचे उत्तर काढतो आणि तिसरे पंच त्यावर निर्णय देतात. पंचांच्या निर्णयाविरुद्धचे हे अपील २००८ साली भारत–श्रीलंका मालिकेत प्रथम अजमावण्यात आले.

ही सारी साखळी विजेच्या एका तारेवर उभी आहे, हे १२ मे २०२२ रोजी दिसले. वानखेडेवर मुंबई आणि चेन्नई यांचा सामना होता. वीज गेली, नाणेफेक लांबली. पुढे खेळ सुरू झाला, पण अपील तपासण्याची यंत्रणा चालू झालेली नव्हती. चेन्नईच्या डावातील पहिल्याच षटकात डेव्हन कॉनवेला पायचीत देण्यात आले. चेंडू यष्टींच्या बाहेर चालला होता असे अनेकांना वाटले, पण दाद मागायची सोय नव्हती. पुढच्याच षटकात रॉबिन उथप्पाही तसाच गेला. यंत्रणा परत आली तोवर डाव मोडला होता. चेन्नई ९७ धावांत आटोपली. वीज असती तर निकाल बदलला असता असे म्हणता येणार नाही. मात्र एका संघाला पहिली काही मिनिटे ज्या नियमांनी खेळावे लागले, ते पुढच्या नियमांपेक्षा वेगळे होते. कर्जाच्या अटी अर्ध्या हप्त्यात बदलल्या तर ऋणको गप्प बसेल काय?

रोहिणखेडच्या शेतकऱ्याला विजेची ही तऱ्हा नवी नाही. शेतीपंपाला तीन फेजची वीज आठ-दहा तास, तीही कधी दिवसा कधी रात्री, अशी पाळीने मिळत आली. रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन विंचू-काट्यातून मोटार सुरू करायला जाणे हा शेतीचा भागच मानला गेला. शेतीची वीज दिवसा द्यायची म्हणून २०१७ पासून राज्यात सौर कृषी वाहिनीची योजना सुरू झाली. स्टेडियमची सोय वेगळ्या रीतीची. तेथे दिवे अनेकदा वीज मंडळाच्या तारेवर न ठेवता डिझेलच्या जनित्रांवर चालवतात आणि एक जनित्र बंद पडल्यास दुसरे तयार ठेवतात. ही तयारी कागदावरची असेल तर काय होते, ते ९ फेब्रुवारी २०२५ रोजी कटकला दिसले. भारत–इंग्लंड सामन्यात भारताचा डाव सुरू असताना एका मनोऱ्यावरचे दिवे गेले आणि सुमारे अर्धा तास खेळाडू अंधारात ताटकळले. ओडिशा सरकारने तेथील संघटनेला नोटीस काढली.

पण हिशेबाच्या माणसाला सर्वांत चटका लावील अशी हकीगत रायपूरची आहे. मलकापुराहून नागपूर ओलांडून त्याच लोहमार्गाने पुढे गेले की छत्तीसगडची ही राजधानी लागते. तेथील शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर १ डिसेंबर २०२३ रोजी भारत–ऑस्ट्रेलिया सामना झाला. सामन्याच्या तोंडावर बातमी फुटली की या स्टेडियमचे वीजबिल २००९ पासून भरलेलेच नाही. थकबाकी ३ कोटी १६ लाख रुपयांवर गेली होती आणि जोडणी २०१८ सालीच तोडलेली होती. त्या वर्षी तेथे अर्धमॅरेथॉनसाठी आलेल्या धावपटूंना वीज नसल्याचे आढळले, तेव्हा हे प्रकरण प्रथम उघडकीस आले. इमारत बांधल्यावर देखभाल बांधकाम खात्याकडे आणि उरलेला खर्च क्रीडा खात्याकडे, अशी वाटणी झाली आणि बिल कोणाच्या खात्यावर टाकायचे याबद्दल दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवत राहिली. क्रिकेट संघटनेने तात्पुरती जोडणी घेतली, तिच्यावर फक्त प्रेक्षागार आणि कक्ष चालत. मैदानावरचे झोत जनित्रांवर पेटले. सामना सुरळीत पार पडला, भारत २० धावांनी जिंकला आणि पडद्यावर पाहणाऱ्या कोणालाही काही कळले नाही.

हा दोष रायपूरपुरता नाही. आपल्याकडे भांडवली खर्चाला उद्घाटन असते, फीत असते, कोनशिला असते. देखभालीच्या खर्चाला यांतले काहीच नसते. ताळेबंदात घसारा धरला जातो, पण तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवली जातेच असे नाही. दुकानदार दरवर्षी दिवाळीआधी काट्याची तपासणी करून घेतो, शिक्का मारून घेतो, कारण काटा चुकला तर पेढीचे नाव जाते. स्टेडियममधील आच्छादने, पंप, जनित्रे, नळांची जाळी यांना अशीच वार्षिक तपासणी असायला हवी. ज्या संघटना ती करतात त्यांचे नाव वर्तमानपत्रात येत नाही.

विजेचा खर्च मुळातच कमी करण्याचा मार्ग काही ठिकाणी धरला गेला, तो मात्र येथे नोंदवण्याजोगा. चिन्नास्वामी स्टेडियमने २०१५ साली छपरावर ४०० किलोवॅटचा सौरसंच बसवला. वानखेडेच्या अगदी शेजारच्या ब्रेबॉर्नवर २०१९ साली ८२० किलोवॅटचा संच उभा राहिला. टाटा पॉवरने तो बसवला तेव्हा क्रिकेट स्टेडियमवरचा तो जगातील सर्वांत मोठा सौरसंच असल्याचे सांगितले होते. स्टेडियमचे छप्पर वर्षातील बहुतेक दिवस रिकामे उन्हात तापत असते. सामना रात्री आणि ऊन दिवसा, त्यामुळे झोतांचा खर्च याने थेट भागत नाही. पण दिवसाची वीज जाळ्यात देऊन बिलात वळती करून घेता येते. गोदामावर किंवा जिनिंगच्या शेडवर सौरपत्रे घातलेल्या व्यापाऱ्यांना हा हिशेब पाठ आहे.

नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियम या साऱ्या यंत्रणेची परीक्षा पाहण्यासाठी चांगली जागा आहे. २००८ साली उघडलेले हे स्टेडियम क्रिकेटबरोबर फुटबॉललाही वापरले जाते. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचा एक उपांत्य सामना तेथे झाला. त्याच स्पर्धेतील दुसरा उपांत्य सामना मात्र गुवाहाटीचे मैदान पावसाने खराब झाल्यामुळे आयत्या वेळी कोलकात्याला न्यावा लागला होता.

२०२५ चा ऑक्टोबर संपत आला तरी मुंबई परिसरात पाऊस थांबत नव्हता. महिलांच्या एकदिवसीय विश्वचषकात २६ ऑक्टोबरचा भारत–बांगलादेश सामना याच मैदानावर पावसाने पूर्ण होऊ दिला नाही. आठवड्याभराने, २ नोव्हेंबरला, भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात तेथेच अंतिम सामना. दुपारी तीनला खेळ सुरू व्हायचा, आणि पाऊस आला. आच्छादने घातली, काढली, पुन्हा घातली. पाणी शोषणारे रोलर फिरले. दोर ओढणारे, ताडपत्री सावरणारे, साचलेले पाणी झाडून चराकडे नेणारे कर्मचारी दोन तास त्या हिरव्या गोलात इकडून तिकडे धावत होते आणि त्यांच्या खाली वाळूतून, नळांतून पाणी आपल्या वाटेने जात होते. पाच वाजता पहिला चेंडू पडला. एकही षटक कमी करावे लागले नाही. शफाली वर्माने ८७ धावा केल्या, भारताच्या २९८ झाल्या, दीप्ती शर्माने पाच बळी घेतले आणि मध्यरात्रीच्या सुमारास हरमनप्रीत कौरच्या संघाने ५२ धावांनी भारताला महिलांचा पहिला विश्वचषक मिळवून दिला. बक्षीस समारंभ संपून प्रेक्षक पांगले, तेव्हा मैदानाच्या कडेला ओल्या ताडपत्र्यांच्या घड्या घालण्याचे काम बाकी होते. दव पडायच्या आत त्या खेळपट्टीवर परत घालायच्या होत्या.